सरळ केलेल्या ओळी

कार्यक्रमपत्रिकेच्या कच्च्या प्रतीत माझा जन्म मिसिसिपीत झाला होता. समोरची लापशी गार होईपर्यंत मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसलो. ‘मिसिसिपीच्या कापसाच्या रानांत जन्मलेले ज्येष्ठ कृष्णवर्णीय संगीतकार थॅडियस प्रूइट यांनी पूर्वजांच्या वेदनेला, गुलामीच्या काळातल्या भक्तिगीतांना, या रचनेत स्वर दिला आहे.’ मी जन्मलो तो दवाखाना ओहायोत, इरी सरोवरापासून दोन मैलांवर, क्विन्सी अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर होता. आता तिथे टायरचं दुकान आहे. कापूस मी पाहिला आहे तो गोळ्यांच्या बाटलीच्या तोंडाशी कोंबलेला. आणि त्या रचनेत भक्तिगीत एकही नाही. असतं तर मला ठाऊक असतं, असं मला त्या सकाळपर्यंत वाटत होतं. तरीही माझ्या स्वभावाप्रमाणे आधी संशय आला तो माझाच. आपणच कुठल्या फॉर्मवर असं काही लिहून दिलं असेल का? मी उठून कपाटातली फाइल काढली, ऑर्केस्ट्राशी झालेला सगळा पत्रव्यवहार उलगडला. जन्मस्थळाच्या रकान्यात माझ्याच बारीक, वाकड्या अक्षरात शहराचं नाव होतं. तेव्हा कुठे राग येऊ द्यायला हरकत नाही असं वाटलं. पण तोवर रागाची वेळ निघून गेली होती.

ऑर्केस्ट्राच्या कार्यालयात हॅली ब्रँट नावाची मुलगी आहे, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिला फोन केला. “थॅडियस, तुमचा फोन आला की इतकं बरं वाटतं ना,” ती म्हणाली. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. आमच्या माउंट नेबो चर्चमध्ये साठीच्या बायकासुद्धा मला मिस्टर प्रूइट म्हणतात. माझ्या आईला मात्र ती साठीची असताना गोऱ्या दुकानदाराची शेंबडी पोरं नावाने हाक मारत आणि आई मान खाली घालून “हो, सर” म्हणे. हॅलीच्या मनात तसलं काही नाही हे मला कळतं. ती सगळ्यांनाच नावाने हाक मारते. तरी पहिले दोन क्षण माझी मान खाली जातेच. मी जन्मस्थळाचं सांगितलं. “अरेरे, ते छापायला गेलं हो,” ती म्हणाली. “पण तुमचे आईवडील तर तिकडचेच ना?” होते, मी म्हणालो. “मग तसं पाहिलं तर फार चुकलं नाही.” मी भक्तिगीतांचा विषय काढला. मी सांगितलं की ती सिम्फनी आहे, तिचे तीन भाग आहेत, तुम्ही त्यातला फक्त दुसरा घेताय आणि त्यात तसलं गाणं नाही. ती लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, “पण कॉम्प्युटरवर वाजवून ऐकताना येतं ना ते. आम्हाला सगळ्यांना रडू आलं.” कुणाला रडू आलं म्हटल्यावर त्याच्याशी वाद कसा घालायचा, ते मला कधीच जमलेलं नाही. मी तिचे आभार मानले. फोन ठेवल्यावर आपण आभार कशाचे मानले, ते आठवत बसलो.

तीन भागांतला एकच वाजवायला मी होकार दिला होता, ही खरी बोच होती. चाळीस वर्षांत कुणी माझी एक ओळ वाजवायला मागितली नव्हती. फेब्रुवारी हा अमेरिकेत काळ्यांच्या इतिहासाचा, म्हणजे आमचा महिना; त्या महिन्यात काळ्या संगीतकाराचं काहीतरी हवं असतं, आणि ते आठ मिनिटांचं असलं तर सोयीचं पडतं, कारण मग मध्यंतरानंतर नेहमीची मोठी जर्मन सिम्फनी बसते. मी मनाशी म्हटलं होतं, आठ तर आठ. माझ्या कानांनी एकदा तरी, खऱ्या वाद्यांवर, मी लिहिलं तसंच्या तसं ऐकू येऊ दे. मग काय ते होवो. एवढीच मागणी होती. ती एखाद्याला क्षुल्लक वाटेल. मलाही वाटते. पण सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाकडे मोठ्या मागण्या फार उरत नाहीत आणि ही एक मी इतकी वर्षं कुणालाही न सांगता जपली होती.

एकोणीसशे एकाहत्तर साली कॉन्झर्व्हेटरीत माझे प्राध्यापक माझी पानं चाळून म्हणाले होते, “फार हुशारीचं आहे, प्रूइट. पण तुमच्या लोकांचं यात काय आहे? तुमच्याकडे तर केवढा खजिना.” तो खजिना त्यांना बघायला मिळावा म्हणून मी तो उघडून दाखवायचा, अशी त्यांची अपेक्षा होती. चांगला माणूस होता. त्याच वर्षी क्विन्सीवरच्या पुस्तकांच्या दुकानात, रंगीत झब्बे घालून बसणाऱ्या माझ्याच वयाच्या काळ्या मुलांनी माझी संगीताची वही हिसकावून घेतली होती. रूफस गेन्स नावाचा एक ड्रम वाजवणारा होता, त्याने ती उलटी धरून वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, “बघा रे, प्रूइटने गोऱ्यांच्या बाथरूमच्या फरश्यांचा नकाशा काढलाय.” सगळे हसले. मीही हसलो. एका बाजूला मी पुरेसा काळा नव्हतो, दुसरीकडे काळेपणा दाखवत नव्हतो, आणि दोन्हीकडे मी हसून वेळ निभावली. पुढे चौतीस वर्षं मी सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात संगीत विभागात काढली. लोकांच्या सिम्फनींची कार्डं लिहिली, फाटक्या पानांना चिकटपट्ट्या लावल्या, आणि जेवणाच्या सुटीत दोन कपाटांमधल्या टेबलावर माझी सिम्फनी लिहिली. तिचा दुसरा भाग मला एका आठवड्यात सुचला. सेहेचाळीस तंतुवाद्यं, एकच सूर-ओळ. पण प्रत्येक वादक ती आपल्या वेगळ्या मात्रेवर उचलतो. कुणी तीन मात्रा थांबून, कुणी सात, कुणी अकरा. ओळ एकच असते आणि ती एका वेळी सगळ्यांच्या हातात कधीच नसते. सगळे एकत्र कुठेच येत नाहीत. मला वाटलं होतं, हे जगात कुणी केलेलं नाही. सेहेचाळीस वादकांच्या सेहेचाळीस प्रती मी हाताने लिहून काढल्या. आयुष्यात एक गोष्ट मी कुणाचीही न घेता केली, असं मी समजत होतो.

पत्रिका आली त्या रविवारी ओडेसाकडे जेवायला गेलो. ओडेसा माझी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, चर्चच्या मदतनीस बायकांची प्रमुख. पांढरे हातमोजे घालून दारात उभी राहिली की पाद्रीसुद्धा टाय नीट करतो. मी तिला पत्रिका दाखवली. तिने चष्मा नाकावर ओढून वाचलं.

“मिसिसिपीत जन्मलास? मग मम्मा तुला पोटात घेऊन परत गेली होती वाटतं, मला न सांगता.”

“चेष्टा करू नकोस, डेसा.”

“बरं नाही करत, प्रोफेसर. भाजी घे. तुझ्या तोंडाकडे बघून कोलार्डचा पालासुद्धा कडू लागेल.” मग म्हणाली, “पण ते वाजवणार आहेत ना? की यावर तू रुसून बसणार आहेस? तुझं ते गाणं आहे तरी कसलं, मला या जन्मात कधी ऐकवलंस?”

ऐकवलं नव्हतं. एकोणीसशे शहाऐंशी साली एका कॉलेजच्या चौदा विद्यार्थ्यांनी तो भाग एकदा कसाबसा वाजवून पाहिला होता, ठरलेले अर्धे वादक तर आलेच नव्हते. त्याची कॅसेट माझ्याकडे होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या रेडिओत ती लावली. ओडेसा भांडी पुसत ऐकत होती. दुसऱ्या मिनिटाला तिचा हात थांबला. “अरे, हे तर डीकन होल्टचं,” ती म्हणाली. मी विचारलं, काय डीकन होल्टचं? “ओळ देणं रे. लहानपणी आपल्या चर्चमध्ये, बुधवारच्या प्रार्थनेला. डीकन होल्ट ओळ भराभर बोलून टाकायचा आणि मग सगळे ती उचलायचे. सिस्टर मॅब्री सगळ्यांत शेवटी, आपल्या सवडीने. पप्पा म्हणायचे, ही बाई ओळ संपवेपर्यंत भाकरी करपते.” ती हसली. “तू मम्माच्या मांडीवर झोपायचास. मला वाटायचं झोपलायस.”

रताळ्याचं गोड पक्वान्न तिने पुढे केलं, ते खाल्लं. चर्चमध्ये तेव्हा गाण्याची पुस्तकं नव्हती, असली तरी निम्म्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून डीकनने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या चर्चमधल्या वडीलधाऱ्याने, ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती घ्यायची, पण घ्यायची तीही आपापल्या श्वासाने. कुणी कुणासाठी थांबत नसे, कुणी कुणाला मागे टाकून जातही नसे. मोठ्या संथ पाण्यासारखं ते चालायचं. लाकडी बाकाखालून ते पायांना जाणवायचं. हे सगळं मला आठवत होतं, पण संगीत म्हणून नाही, बुधवार म्हणून. आणि आता ते कॅसेटमधून येत होतं. तळघरात आठवडाभर बसून मी जे शोधलं असं मला वाटलं, ते डीकन होल्टने लाकूडवखारीतलं काम उरकून, हात धुऊन, दर बुधवारी केलं होतं. म्हणजे हॅली बरोबर होती का? नव्हती. तिला जे गाणं ऐकू आलं ते यात नव्हतंच. यात जे होतं ते तिला ऐकू आलेलं नव्हतं. पण प्राध्यापकांना पन्नास वर्षांपूर्वी काय सांगायला हवं होतं, ते आता मला कळत नव्हतं. स्वतःची म्हणून जपलेली एकच गोष्ट होती, तीही वारशातच निघाली, आणि वारसा म्हणून जे लोक तिचं कौतुक करत होते ते भलत्याच गोष्टीचं करत होते. यात आनंद मानायला हवा होता, एखाद्या शहाण्या माणसाने मानला असता. मला फक्त कुणीतरी खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं, आणि हात घालणारी माणसं मम्मा, पप्पा, सिस्टर मॅब्री.

तालीम गुरुवारी सकाळी दहाला होती. कंडक्टर पाहुणी होती, इफेओमा नवोसु, ह्यूस्टनची, आईबाप नायजेरियातून आलेले. तिने मंचावरून उतरून दोन्ही हातांनी माझा हात धरला. “सर, मिस्टर प्रूइट. तुम्हाला सांगते, मलाही फेब्रुवारीतच बोलावतात. तुमचं-माझं पीक एकाच महिन्यात येतं.” मला ती आवडली. मी सातव्या रांगेत बसलो, मांडीवर माझ्या हाताची मूळ प्रत. तिने काठी उचलली.

पहिलं दीड मिनिट ठीक होतं. मग ‘एफ’ खुणेपाशी, जिथून ती ओळ सुरू होते, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस जणांनी ती एकदम उचलली. एकाच श्वासात, एकाच गजाने. सुंदर होतं. मोठ्या भिंतीसारखं, झाडून पुसून लखलखीत. हॅली बाजूच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. मला वाटलं मी पान चुकलो. मी माझ्या प्रतीत पाहिलं. मग वाटलं, लिहिताना मीच चुकलो असेन. मग वाटलं, हे कदाचित जास्त चांगलं आहे. हा तिसरा विचार सगळ्यांत वाईट होता आणि तो सगळ्यांत जास्त वेळ टिकला.

वाजवणं थांबल्यावर मी कडेने मंचाकडे गेलो. ऑर्केस्ट्राच्या प्रती सांभाळणारा ग्रेग तिथे होता. एका अर्थी माझ्याच धंद्यातला माणूस. त्याला हळू विचारलं. तो खूश होऊन म्हणाला, “हो हो, ते सगळं मी कॉम्प्युटरवर नव्याने बसवलं. तुमच्या हाताच्या प्रतींत सगळ्यांच्या सुरुवाती इकडेतिकडे सरकल्या होत्या. आता जुन्या कागदावर होतंच तसं. मी त्या ओळी सरळ केल्या. त्यामुळे सेहेचाळीस प्रतींचीही गरज पडली नाही, दोघांत एक पुरते.” त्याने माझ्यावर उपकारच केला होता. चौतीस वर्षांत मीही किती जणांच्या ओळी अशा प्रेमाने सरळ केल्या असतील कोण जाणे.

नवोसुबाईंना मी सांगितलं. मात्रांचा हिशेब सांगू लागलो. तीन, सात, अकरा. माझा आवाज नेहमीसारखा आत आत जात होता. मागच्या वादकांना ऐकू येईना. “जरा मोठ्याने, सर,” कुणीतरी म्हणालं. नवोसुबाई घड्याळाकडे बघत होत्या. मध्यांतराला पाच मिनिटं होती आणि वादकांच्या संघटनेच्या नियमाने एक मिनिटही वर जाता येत नाही. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं, जे मी पन्नास वर्षं कुणापुढे काढलं नव्हतं. “चर्चमध्ये गातात तसं,” मी म्हणालो. “आमच्या जुन्या चर्चमध्ये.” एका क्षणात सगळ्यांचे चेहरे उजळले. अच्छा, अच्छा, अशा माना हलल्या. पहिल्या व्हायोलिनवाल्याने मागे वळून काहीतरी सांगितलं. पुन्हा वाजलं. या वेळी सगळे डोलत होते, सुरावरून सुरावर घसरत होते, एका चेलोवाल्याने तर डोळे मिटून घेतले होते. आणि सगळे एकत्र डोलत होते, अगदी एकत्र. सेहेचाळीस माणसं माझ्या आईची नक्कल करत होती आणि ती त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

“आता कसं वाटलं?” नवोसुबाईंनी विचारलं.

“छान,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना कळलं असावं. “आज प्रती बदलायला वेळ नाही, सर. मध्यांतरानंतर एकदा सलग वाजवू, मग पियानोवाला येतोय. शनिवारी लोकांना ऐकायला सुरेखच वाटेल, खरं सांगते.” खरंच सांगत होत्या. मध्यांतर झालं. वीस मिनिटं. वादक कॉफीला गेले, व्हायोलिनं खुर्च्यांवर झोपली. मी मंचाच्या पायरीवर उभा होतो आणि तो ‘छान’ अजून माझ्या तोंडात होता, न विरघळणाऱ्या गोळीसारखा. मिसिसिपीबद्दल आभार मानले, दुकानात हसलो, प्राध्यापकांना विचार करतो म्हणालो. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांनी विचारलं होतं, आणि दर वेळी उत्तर मीच दिलं होतं.

मी वर चढलो. खिशात पेन्सिल होती. पहिल्या व्हायोलिनांचा पहिला स्टँड, दोन वादकांचा. ‘एफ’ खुणेवर, छापलेल्या सरळ ओळीच्या वर मी लिहिलं: बाहेरचा ३, आतला ७. खाली: कुणाची वाट पाहू नका. दुसरा स्टँड: ११ आणि २. आकडे म्हाताऱ्या माणसाचे दिसत होते. मूळ प्रत उघडून बघावी लागेल असं वाटलं होतं, लागली नाही. तिसरा, चौथा. दोघांच्या एका पानावर दोन माणसांचे दोन आकडे मावायला जागा कमी पडत होती, म्हणून समासात लिहिलं. सातव्या स्टँडला आलो तेव्हा ग्रेग आला. “मिस्टर प्रूइट, प्रतींना हात लावता येत नाही हो. माझ्याशिवाय कुणीच लावत नाही.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “मी पण कुणाला लावू द्यायचो नाही.” आणि दुसऱ्या व्हायोलिनांकडे वळलो.

“मला ऑफिसात सांगावं लागेल.”

“सांगा.”

तो गेला. दुसऱ्या व्हायोलिनांचे सहा स्टँड. घड्याळात सात मिनिटं उरली होती, व्हायोला, चेलो, डबल बेस तसेच होते. सगळ्यांचे होणार नव्हते, हे मला दिसत होतं. निम्मे वेगळे आणि निम्मे एकत्र वाजवतील आणि तो गोंधळ माझ्या नावावर जमा होईल. तरी पेन्सिल थांबली नाही. व्हायोलांच्या शेवटच्या स्टँडपाशी एक बाई परत येऊन बसली होती. पन्नाशीची, गोरी, मांडीवर विणकाम. कॉफीला गेलेल्यांच्या आधी येणारं एक माणूस सगळीकडे असतं. तिच्या पानावर मी वाकून लिहिलं तेव्हा तिने सुया खाली ठेवल्या.

“हे काय आहे?”

“तुम्ही नऊ मात्रा थांबायचं. तुमच्या शेजारच्यांनी चार.”

“आणि मग एकत्र कुठे यायचं?”

“यायचं नाही.”

“शेवटीसुद्धा?”

“शेवटीसुद्धा.”

ती पानाकडे बघत राहिली. बोटाने मांडीवर नऊ मोजले. बाजूच्या दारातून ग्रेग आणि हॅली येताना दिसत होते, त्यांच्या मागून कॉफीचे कप घेतलेले वादक.

“म्हणजे मी चुकले तरी कुणाला कळणार नाही,” ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं खरं काय ते विचारत होती.

“मला कळेल,” मी म्हणालो.

तिने स्टँडवरची स्वतःची पेन्सिल घेतली आणि नऊच्या भोवती गोल काढला.